कोळसा खाण आली तर गावातल्या बायांना काम मिळेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वणी तालुक्यातल्या तुमच्या गावाची पाचेकशे एकर जमीन उघड्या कोळसा खाणीत जाणार अशी चर्चा आहे. "घरटी एक नोकरी" असं कुणीतरी सांगून गेल्यापासून पोरं खूश आहेत. बचत गटातल्या बाया मात्र विचारून राहिल्या आहेत की खाणीत बायांना काम देतात का, आणि ग्रामसभेत मागायचं तर नेमकं काय मागायचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. देतात, पण फार थोड्यांना. कोल इंडियाच्या एकूण कामगारांत बाया दहा टक्क्यांच्याही आत आहेत. तरी या प्रश्नापाशी अडकू नका. अडचण खाणीच्या गेटवर सुरू होत नाही, ती तलाठ्याच्या दप्तरात सुरू होते. खाणीतली नोकरी कामाच्या मोबदल्यात मिळत नाही, जमिनीच्या मोबदल्यात मिळते. शेतात काम जास्त बाईचं आणि सातबाऱ्यावर नाव बाप्याचं, म्हणून खाण आली की काम जातं एकीचं आणि नोकरी लागते दुसऱ्याला. बाकी सगळं यातूनच निघतं.

मी वकील नाही, खाण कंपनीतही नाही. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर, वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा या पट्ट्यात, आधी घरोघरचे सर्व्हे केले आणि नंतर त्याच सर्व्हेतून सुटलेल्या लोकांचे कागद करत फिरले. त्यामुळे जे सांगते ते या भागापुरतं धरा. तुमच्या गावाचं काय होईल हे दोन-तीन गोष्टींवर ठरेल. खाण वेकोलिची, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीची आहे, की खाजगी कंपनीला मिळालेला ब्लॉक आहे? जमीन कोणत्या कायद्याखाली घेतायत? आणि अधिसूचना कुठवर आली आहे? वेकोलि बहुतेक वेळा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली जमीन घेते. त्यात कलम ४ म्हणजे नुसता शोध, कलम ७ म्हणजे घेण्याचा इरादा, कलम ९ म्हणजे घेतल्याची घोषणा. हरकतीला कलम ७ नंतर तीस दिवस असतात. अधिसूचना निघते केंद्राच्या राजपत्रात, आणि गावाला कळते चहाच्या टपरीवर, कधी कधी महिन्याभरानं. म्हणजे तीस दिवस संपल्यावर.

आता नोकरी कशी निघते ते बघा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. म्हणजे पाचशे एकरांत फार तर अडीचशे. "घरटी एक" असं त्यात कुठंही नाही. ज्याच्याकडे सव्वा एकर आहे तो शेजाऱ्याचा पाऊण एकर जोडून घेतो, याला सगळे क्लबिंग म्हणतात. मग नोकरी कुणाच्या पोराला आणि पैसे कुणाला यावरून जे बसणं-उठणं होतं, ते मी अनेक ओसऱ्यांवर पाहिलं आहे. त्या बैठकीत बाई चहा घेऊन येते आणि कप घेऊन जाते.

आणि बहिणी. जमीन जाणार असं कळलं की लग्न होऊन गेलेल्या बहिणींना भाऊ एकदम आठवतात. साडी होते, जेवण होतं, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्र होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. आणि २००५ साली बाप जिवंत नसला तरी हा वाटा जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायद्यानं दिलेलं हे सगळं एका अंगठ्यानं जातं. राजूरच्या बाजूची एक बाई मला म्हणाली, "भावाचं मन कसं मोडू जी, माहेर तुटते न." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच सांगते की सही करायचीच असेल तर आधी त्या वाट्याचे पैसे किती होतात ते समजून घ्या, मग करा. आणि तुमच्या गावात गोंड, कोलाम घरं असतील तर हिंदू वारसा कायदा त्यांना आपोआप लागू होत नाही. तिथं मुलीचा वाटा जमातीच्या रूढीवर जातो, म्हणून त्या घरांचे कागद वेगळे बघावे लागतात.

आता दुसरी बाजू, जी कुणी मोजत नाही. आजच शेतात बायांना किती काम आहे? माझा हिशेब ढोबळ आहे, पण तो मी धुऱ्यावर बसून केलेला आहे. कोरडवाहू पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एका एकरात दोन-तीन निंदणं धरा. तणनाशक आल्यापासून निंदण कमी झालं, तरी दहा-बारा बायांचे दिवस जातातच. सात क्विंटल कापूस निघाला आणि एक बाई सरासरी पस्तीस किलो वेचते असं धरलं तर वेचणीचे वीस दिवस. टोबणी, खत टाकणं वरचं. म्हणजे एकरी तीस दिवस तरी बाईचे. गड्याचे वखर, डवरा, फवारणी मिळून आठ-दहा. सोयाबीन-तुरीत हा आकडा बदलतो, हार्वेस्टर आलेल्या गावात खूप बदलतो, तुमच्या गावाचा तुम्हीच काढा.

पाचशे एकर गुणिले तीस. पंधरा हजार दिवस. गावात मजुरीला जाणाऱ्या शंभर बाया असतील तर एकीच्या वाट्याला वर्षाचे दीडशे दिवस. खाण सुरू झाली की हे दीडशे दिवस पुसले जातात, आणि त्याबद्दल एका रुपयाचंही कलम कुठल्या यादीत आपणहून येत नाही. कारण मोबदला मिळतो जमिनीच्या मालकाला, निंदणाला नाही.

आपणहून का येत नाही, यात माझाही हात आहे. माझ्या पहिल्या-दुसऱ्या सर्व्हेची गोष्ट. छापील फॉर्म होता, घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. कुटुंबप्रमुख बाजेवर बसून सांगत होते. स्वतःचा व्यवसाय शेती. मुलाचा शेती. बायकोचा? "ते घरीच राहते, लिहा काहीही." ती त्याच वेळी दारातून आत आली. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात खुरपं. तिनं ते कोपऱ्यात टेकवलं, माझ्यासाठी पाणी आणलं, आणि मी तिच्यासमोर रकान्यात लिहिलं: घरकाम. त्या गावात एकशे चाळीस घरं केली, आणि जवळपास सगळ्या बाया मी घरकामात टाकल्या. पुढे उपजीविका गेलेल्यांची यादी झाली ती त्याच रकान्यावरून. भूमिहीन घरांतले पुरुष यादीत मजूर म्हणून लागले. एकट्या राहणाऱ्या अकरा बाया कुठेच लागल्या नाहीत, कारण फॉर्मप्रमाणे त्यांचं काही गेलंच नव्हतं. दुरुस्तीला आम्हाला दोन वर्षं लागली आणि अकरापैकी चौघींचंच झालं.

म्हणून तुम्हाला सगळ्यात पहिलं सांगणं हे की सर्व्हेवाले यायच्या आधी बचत गटानं स्वतःचा सर्व्हे करावा. दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक बाई, कुणाच्या शेतात जाते, कोणतं काम, वर्षाचे किती दिवस, मजुरी किती. सही किंवा अंगठा, आणि ज्या कास्तकाराच्या शेतात जाते त्याचीही सही. ती वही ग्रामसभेत ठेवून ठरावाला जोडून घ्या.

याला कायद्याचा आधार आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, बटईदार, कारागीर येतात. अट अशी की संपादनाच्या आधी तीन वर्षं ते त्या भागात काम करत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका त्यावर असावी. त्याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. ही ओळ गावात मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येच्या घरांतल्या किती बाया सासऱ्याच्या सातबाऱ्यावर दिवस काढतायत, हे मी तुम्हाला सांगायला नको. जमीन सासऱ्याच्या नावावर, नोकरी दिराला, आणि हिला "तू घरचीच आहेस." स्वतंत्र कुटुंब म्हणून तिचा अर्ज वेगळा गेला पाहिजे. कोळशासाठी १९५७ च्या कायद्यानं जमीन घेतली तरी २०१३ च्या कायद्यातले मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे भाग २०१५ पासून तिथं लागू केलेले आहेत. सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र लागू नाही, म्हणूनच तुमची वही महत्त्वाची. त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोकरी, एकरकमी पाच लाख, किंवा वीस वर्षं महिना किमान दोन हजारांचं वर्षासन असे पर्याय आहेत, आणि पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायकोच्या जोड नावानं देता येतं असंही लिहिलं आहे. "देता येतं" म्हणजे मागितलं तर.

तीन वर्षांचा पुरावा काय, असं विचारतील. रोजगार हमीचं जॉब कार्ड, बचत गटाच्या कर्जाच्या नोंदी ("वेचणीच्या पैशातून फेडले" असं लिहिलेलं प्रोसिडिंग मी एकदा लावलं होतं आणि ते चाललं), अंगणवाडीच्या रजिस्टरात आईचा व्यवसाय. जे हाताशी असेल ते.

आता खाणीच्या आतलं. आपल्या भागात जुन्या भूमिगत खाणींत नवरा-बायको जोडीनं काम करत, तो खणायचा, ती टोपली भरायची. इंग्रजांनी १९२९ च्या नियमांनी बायांना हळूहळू खाली जायला बंदी केली, महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवली, १९४६ मध्ये परत घातली. गरज होती तेव्हा बाई चालली, हे लक्षात असू द्या. १९५२ च्या खाण कायद्यानं बायांना जमिनीखाली काम नाही आणि वरती सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच, असं बांधून टाकलं. उघडी खाण तीन पाळ्यांत चालते. दोन पाळ्यांना जी येऊ शकत नाही तिला डंपरवर कोण बसवणार? म्हणून ज्या बाया लागल्या, बहुतेक नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर, त्या कार्यालयात, कँटीनमध्ये, दवाखान्यात, लॅम्प रूममध्ये राहिल्या. मध्यंतरी कोल इंडियात तर अशी योजना होती की बाईनं स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि नोकरी मुलाला द्यायची. घराघरांतून तिला हसतमुखानं निवृत्त करण्यात आलं.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं यात सूट दिली. उघड्या खाणीत रात्रपाळीलाही बाई चालते, भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर चालते. तिची लेखी संमती हवी, आणि पाळीत किमान तीन बाया हव्यात. ही तीनची अट गाडी अडवते. एकट्या पोरीनं अर्ज केला तर "बाकी दोघी कुठं?" तेव्हा अर्ज एकेकीचे करू नका, पाच-सहा पोरींचा गट करून द्या. गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखाणीत स्थानिक आदिवासी बाया मोठी वाहनं चालवताना तुम्ही बातम्यांत पाहिल्या असतील. तिथल्या खाणीबद्दल बरेच वाद आहेत, त्यात मी इथं जात नाही. पण बाईला डंपर जमत नाही हे बोलणं त्यानं संपलं.

पण लायसन्स? जड वाहनाच्या लायसन्साआधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं लागतं आणि वय किमान वीस. त्यानंतर खाणीचं व्यावसायिक प्रशिक्षण, ज्याला इथं सगळे व्हीटीसी म्हणतात, आणि वैद्यकीय तपासणी. म्हणजे खाण दोन वर्षांनी सुरू होणार असेल तर पोरीनं लर्निंग लायसन्स याच महिन्यात काढायला हवं. जेव्हा भरती निघते तेव्हा गावातल्या चाळीस पोरांकडे लायसन्स असतं आणि एकाही पोरीकडे नसतं. मग "आम्ही घ्यायला तयार होतो, उमेदवारच नव्हत्या" असं लिहून मोकळे होतात. आयटीआयला डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड पोरींना घ्यायला लावा. शिवणकाम आणि ब्युटी पार्लरच्या शिबिरांची मला चीड आहे, हे कबूल करते. मी एका गावात सत्तावीस शिलाई मशीन मोजल्या. ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बाया त्याच सत्तावीस.

पुरुषांचं सगळं चांगलं होतं असंही समजू नका. कायम नोकरी ज्यांना मिळते त्यांचं घर बदलतं, हे खरं. पण आता माती काढण्याचं, म्हणजे ओबीचं, बरंचसं काम ठेकेदाराकडे असतं. ठेकेदार आपले ऑपरेटर बाहेरून आणतो, त्याला तयार आणि तक्रार न करणारा माणूस हवा असतो. स्थानिक पोरगा हेल्पर, सिक्युरिटी, पाण्याच्या टँकरवर. ठेका बदलला की घरी. कोल इंडियाच्या ठेका कामगारांना एचपीसीचे, म्हणजे मजुरी ठरवणाऱ्या उच्चाधिकार समितीचे, ठरलेले दर मिळायला हवेत, ते बँकेत जमा होतात का आणि त्यातले किती परत मागून घेतले जातात, हे पोरांना खाजगीत विचारा. सालदारकी संपते, बैलजोडी विकली जाते, आणि ज्याची जमीन खाणीबाहेर उरली त्याला मजूर मिळत नाही.

त्या उरलेल्या शेताचंच बघा. खाणीच्या रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर कोळशाची धूळ बसते. बोंड फुटलं की आत काळी रेघ. वेचणाऱ्या बाईची बोटं दुपारपर्यंत काळी होतात, व्यापारी कापूस हातात घेऊन भाव पाडतो, आणि मालक वेचणीचा दर पाडतो. विहीर आटली की पाण्याची खेप लांबते, सरपणाचं जंगल कुंपणाआड जातं. तिचे घरातले बिनपैशाचे तास वाढतात आणि मजुरीचे तास कमी होतात. काही बाया ऑटोनं वीस-पंचवीस किलोमीटरवर वेचणीला जातात, भाडं मजुरीतून कटतं. काही कॉलनीत धुणी-भांडी धरतात. आणि काही पहाटे गतिरोधकापाशी पोतं घेऊन उभ्या असतात, ट्रक उसळला की सांडलेला कोळसा वेचायला. त्याला चोरी म्हणतात. आधी ती कापूस वेचायची.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा हा वेगळा दरवाजा आहे. २०१५ पासून खाणीच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) जुन्या खाणपट्ट्यांना तीस टक्के आणि नंतर लिलावानं दिलेल्यांना दहा टक्के रक्कम जिल्ह्याकडे जमा होते. तिचा मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, कौशल्य यावर खर्चायचा असतो. प्रत्यक्षात रस्ते आणि सभागृहांचे प्रस्ताव लवकर जातात, कारण ते करणारे कंत्राटदार तयार असतात. तुमच्या ग्रामसभेतून पोरींच्या जड वाहन प्रशिक्षणाचा आणि कामावर जाणाऱ्या बायांसाठी पाळणाघराचा प्रस्ताव नावांच्या यादीसकट गेला पाहिजे.

तेव्हा क्रम असा धरा. आधी वही. तिच्यासोबतच सातबाऱ्यांची तपासणी: मेलेल्या माणसांची नावं, राहिलेले वारस, बायकोचं नाव सहधारक म्हणून लावून घेणं (लक्ष्मी मुक्ती योजनेचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, नवऱ्याची संमती लागते, आणि खाण येण्याआधी ती सहज मिळते, नंतर मिळत नाही). एकट्या बायांची वेगळी यादी. पोरींची लायसन्सं. आणि जमिनीच्या बदल्यातल्या नोकरीच्या नामनिर्देशनात मुलीचं किंवा सुनेचं नाव चालतं का, हे त्या प्रकल्पाच्या धोरणाची प्रत घेऊन वाचा. साहेबाच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, मी गेले होते आणि फसले.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्या. तिची वेळ दुपारची ठेवू नका, सध्या निंदण चालू असेल तर कुणी येणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर, शाळेत.

तुमच्या गावासाठी निघालेली अधिसूचना कोणत्या कलमाची आहे आणि तिच्यावर तारीख कोणती आहे, तेवढं पाहून इथं लिहा. कलम ७ ची असेल तर आजच पाहा. तीस दिवसांतले किती उरले त्यावर पहिला अर्ज कशाचा करायचा ते सांगते.